मगरीचा वेग

मगरीनं होडी गिळली आणि केतकीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"पुन्हा," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात अलगद बाजूला केला, माईक पुढं सरकवला आणि आपल्या ओठांकडं बोट दाखवलं. "पा."

केतकीनं ओठ मिटले, गाल फुगवले. मी मागच्या बाकावर बसले होते. तो 'पा' तिच्या ओठांशी येऊन थांबलेला मला तिथून दिसत होता. तेवढ्यात पडद्यावरची ती हिरव्या रेघांची मगर सरसर आली आणि होडी गिळून पलीकडं गेलीसुद्धा. केतकीनं गालातली हवा तशीच सोडून दिली. आवाज नाही, काही नाही. हात परत तोंडावर.

"दसऱ्याआधी करत होती हो," मी म्हणाले.

"करत होती खरी." कुंदाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. अवघड काही बोलायचं असलं की त्या आधी चष्मा पुसायच्या. "शालन, जरा बाहेर ये."

ही गोष्ट एक्याण्णव सालची. सांगलीत कुंदाबाई आठल्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा काढली होती. माझी केतकी तेव्हा पाच वर्षांची. कानाला मशीन होतं, पण आवाज म्हणून काही असतो आणि तो आपल्याच गळ्यातून निघतो, हे तिला कुणी पटवायचं कसं? कुंदाबाईंनी त्यावर तोड काढली होती. मुंबईच्या कुणा दात्यानं दिलेला एक जुना कॉम्प्युटर शाळेत होता आणि बाईंच्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं त्यावर एक खेळ रचला होता. नदीत होडी, मागं मगर. मुलानं माईकमध्ये एकदा 'पा' म्हटलं की होडी एक उडी पुढं जायची. काठ गाठेपर्यंत म्हणत राहायचं, नाहीतर मगर आहेच.

श्रावणात कधीतरी केतकीच्या तोंडून पहिला 'पा' निघाला. होडी हलली, तशी ती इतकी दचकली की कॉम्प्युटरमागं जाऊन कोण आहे ते बघून आली. मग कळलं तिला, की होडी आपणच हलवतोय. दसऱ्याच्या आधी ती एक 'पा' म्हणायची, दम घ्यायची, माझ्याकडं वळून बघायची, मग दुसरा म्हणायची. मगर बिचारी रेंगाळत मागून यायची. पोरगी होडी काठाला लावायची आणि मी घरी जाऊन नवऱ्याला जेवायला वाढता वाढता तेच तेच परत सांगायची.

दसरा झाला, शाळा उघडली, आणि आता हे.

बाहेरच्या ओट्यावर कुंदाबाई म्हणाल्या, "सोमवारी पुण्याहून तपासायला डॉक्टर येताहेत. त्यांच्यासमोर जी मुलं आवाज काढतील, तीच बोलण्याच्या वर्गात ठेवता येतील मला. जागाच तेवढी आहे. केतकीसाठी मी निवासी शाळेत विचारून ठेवलंय. वाईट नाही ती शाळा."

"निवासी म्हणजे तिथंच राहायचं?"

"सुट्टीला घरी येतात मुलं."

"बाई, ती अजून माझा पदर धरून झोपते."

"माहीत आहे गं मला." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पण आवाज मागं गेलाय तिचा. बाकीच्यांना जमतंय बघ. मगर जरा चपळ झाली आहे नव्या कार्डामुळं, पण मोठी मुलं 'पापापापा' करून नेतात होडी. उलट मजा वाटते त्यांना."

त्या नव्या कार्डाची हकिगत मला माहीत होती, कारण ते बसवलं तेव्हा मी तिथंच होते. कान तपासल्याचा आलेख काढणारा एक नवा प्रोग्राम डॉक्टरांनी शाळेला दिला होता आणि तो जुन्या मशीनवर चालेना. नवीन कॉम्प्युटर आणायची शाळेची ऐपत नव्हती. मग मिरजेच्या रियाज मुजावर नावाच्या पोरगेल्या इंजिनिअरनं मार्ग सुचवला, की मशीन तेच ठेवू, फक्त डोकं बदलू.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो आला. मशीनचं झाकण उघडून त्यानं आतला प्रोसेसर हलक्या हातानं उपसला. काळी, लांबट वडी, दोन्ही कडांना बारीक पाय, गोमेसारखे. त्याच्या रिकाम्या जागेत त्यानं एक खुंटी बसवली. तिला चपट्या वायरीची पट्टी होती आणि पट्टीचं दुसरं टोक नव्या हिरव्या कार्डात.

"आता विचार करणार ह्या कार्डावरचा नवा प्रोसेसर," तो मला समजावत होता, कारण मी फार वाकून बघत होते. "पण पडदा, कीबोर्ड, डिस्क ह्यांना पत्ताच नाही. त्यांना वाटतंय जुनाच बसलाय जागेवर. जे काय सांगायचं ते ह्या पट्टीतनं जातंय."

"आणि बाकीचं मशीन जुनंच? मग वेग कसा येणार ओ?"

"बरोबर विचारलात वहिनी. मशीनची जुनी मेमरी हळूच आहे. म्हणून कार्डावर थोडीशी वेगळी ठेवलीय. सारखं सारखं लागतं ते तिथंच हाताशी."

"म्हणजे मिसळणाचा डबा. दर फोडणीला माळ्यावर चढायला नको."

"आँ... हो, तसंच!" तो हसला. मग उपसलेला जुना प्रोसेसर त्यानं कार्डावरच्याच एका रिकाम्या खोबणीत दाबून बसवला. मशीनच्या पाठीमागं कार्डाचा एक खटका बाहेर आला होता. तो दाखवून तो कुंदाबाईंना म्हणाला, "बाई, खटका वर असला की नवा प्रोसेसर, खाली असला की जुना. एखादा जुना प्रोग्राम बिनसला तर मशीन बंद करा, खटका खाली करा, परत चालू करा."

बाई "हो हो" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच्या पूजेची त्यांना घाई होती.

त्या रात्री मी जयवंतला निवासी शाळेचं सांगितलं. माझा नवरा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता. आमच्या घरात पांढरा सदरा कधी पांढरा राहिला नाही. त्यानं हात धुता धुता ऐकलं आणि नळ तसाच सोडून माझ्याकडं बघत राहिला.

"पाच वर्षांचं पोर परगावी? डोकं फिरलंय का त्या बाईचं?"

"बाईंचं नका काढू. त्या नसत्या तर पोरीच्या तोंडून पहिला आवाज कुणी काढला असता?"

त्यानं नळ बंद केला. केतकी भिंतीशी बसून दोरीवरून काढलेल्या माझ्या ब्लाऊजच्या हुकांशी खेळत होती. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "मगर चपळ झालीय म्हणतेस ना तू? मग तिला हळू करायला सांग की त्या मिरजेच्या पोराला."

रागाच्या भरात बोललेलं वाक्य होतं ते. पण माझ्या डोक्यात जे घुसलं ते निघेचना. शनिवारी सकाळी केतकीला काखेत मारून मी मिरजेची बस धरली.

तंतुवाद्यांच्या दुकानांच्या ओळीत एका जिन्याखाली रियाजची खोली होती. वर त्याच्या चुलत्यांचा सतारीचा कारखाना. खाली हा उघड्या पडलेल्या मशीनांच्या गराड्यात बसलेला.

"रियाजभाऊ, मगर हळू करून द्या," मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. "वहिनी, इथं लोक मशीन हळू चालतंय म्हणून रडत येतात. जोरात चालतंय म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मी हसले नाही. सगळं सांगितलं. होडी, तोंडावरचा हात, सोमवारचे डॉक्टर, निवासी शाळा. त्याचं हसू विरत गेलं. केतकी त्याच्या टेबलावरचा एक चिमटा उघडमीट करत होती. त्यानं हातातलं काम बाजूला सारलं.

"असं झालंय होय," तो म्हणाला. "बाईंच्या भाच्यानं मगरीला घड्याळच दिलेलं नाही. प्रोसेसरनं ठरावीक आकडे मोजायचे आणि मोजून झाले की मगर एक घर पुढं, एवढंच लिहिलंय. जुना प्रोसेसर दमानं मोजायचा. नवा भराभरा मोजतोय. मगर तीच आहे वहिनी, मोजणारा बदललाय."

"म्हणजे माझी पोरगी मागं गेलेली नाही?"

"पोरीला काय झालंय? पोरगी आपल्या वेगानं आहे की."

मला तिथंच रडू फुटलं. तीन आठवडे मी मनात त्या लेकराला दोष देत होते, देवाला देत होते, स्वतःच्या नशिबाला देत होते, आणि हा माणूस किती सहज सांगत होता. त्यानं तोंड वळवून उगीच एक वायर गुंडाळल्यासारखं केलं. मग म्हणाला, "पण बाईंना मी खटका सांगितला होता. खाली नाही केला त्यांनी?"

"केला म्हणत होत्या. पडदा काळाच राहतो म्हणे. मशीन उठतच नाही."

"असं होणारच नाही." तो उठून उभा राहिला. "जुना प्रोसेसर माझ्या हातानं बसवलाय मी कार्डावर."

दुपारी आम्ही शाळेत पोचलो. मुलं गेली होती, कुंदाबाई सोमवारची आवराआवर करत होत्या. रियाजनं मशीनचं झाकण काढलं, आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. कार्डावरची खोबण रिकामी होती.

"बाई, इथला प्रोसेसर कुठं गेला?"

"कुठला? तो जुना?" कुंदाबाईंनी चष्मा काढला आणि पुसायचाच विसरल्या. "अहो, तो देवात आहे."

"देवात?"

शाळेच्या कोनाड्यात गणपती आणि सरस्वतीची तसबीर होती. खंडेनवमीला बाई शाळेची सगळी आयुधं तिथं मांडायच्या. कानाची मशीनं, कान तपासायचा नादकाटा, कात्री, खडू. त्या वर्षी त्यांना वाटलं, ज्यानं इतकी वर्षं मुलांसाठी डोकं चालवलं तो आता निवृत्त झाला, कार्डावर नुसता मानाचा बसवलाय, तर त्याची पूजा नको करायला? केसांच्या आकड्यानं त्यांनी तो उचकटून काढला, विड्याच्या पानावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बाकीची आयुधं दुसऱ्या दिवशी कामाला लागली. ह्याला काही काम नव्हतं, म्हणून तो देवातच राहिला.

"नुसता मानाचा नव्हता हो तो," रियाज कळवळून म्हणाला. "खटका खाली केल्यावर उठणार कोण? तोच तर होता!"

कुंदाबाई मटकन खुर्चीवर बसल्या. एवढी करारी बाई, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा चुकलेल्या मुलीसारखा झाला. "म्हणजे केतकीचा आवाज..."

"आवाज आहे तिथंच आहे," मी म्हणाले. "आधी तो प्रोसेसर बघू."

कोनाड्यात पान वाळून कुरकुरीत झालं होतं. त्यावर तो पडला होता, पाय वर करून, आणि पायापायांत हळद सुकून घट्ट बसली होती. ओली करून लावलेली, सांगलीची हळद, आमच्याच अडतीवरून मी आणून दिलेली. तिचा डाग आमच्या घरातल्या एका सदऱ्यावरनं आजवर निघाला नव्हता.

रियाज चपला काढून पुढं गेला, पण हात लावला नाही. "बाई, पूजेतला आहे. तुम्हीच उचला."

कुंदाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी चिमूटभर अक्षता प्रोसेसरवर वाहिल्या, हात जोडले आणि गणपती हलवतात तसा तो जागेवरच किंचित हलवला. उत्तरपूजा केल्याशिवाय त्या कशालाच उचलणार नव्हत्या. मग तो ओंजळीत घेऊन त्यांनी रियाजच्या हातावर ठेवला. रियाजनंही तो दोन्ही हातांत घेतला. माझ्या डोळ्यांसमोर आजही ते चार हात आहेत.

तो खिडकीशी बसला. स्पिरिट, कापूस, एक जुना दात घासायचा ब्रश. हळद निघत होती, पण आकड्यानं उचकटताना दोन पाय वाकले होते. एक सहज सरळ झाला. दुसरा मुळाशीच दुमडला होता.

"हा तुटला तर?" मी विचारलं.

"तर दुसरा शोधावा लागेल. मिळेल कुठंतरी, पण सोमवारच्या आत नाही." त्यानं श्वास रोखून चिमटा लावला. "आमचे चुलते सतारीची जवारी काढतात, म्हणजे नाद खुलेपर्यंत घोडी घासत बसतात. ते म्हणतात, घाई करायची असेल तर हात लावू नकोस."

कुंदाबाई उजेड अडू नये म्हणून बाजूला सरकल्या. केतकी तर त्याच्या गुडघ्याला टेकून, तोंड उघडं टाकून त्या पायाकडं बघत होती. केसभर, मग केसभर, असा तो पाय उभा राहिला. रियाजनं प्रोसेसर खोबणीवर धरला, सगळे पाय जुळले का ते वाकून बघितलं आणि अंगठ्यानं दाबला.

खटका खाली. मग बटण.

पडदा काळाच होता. कुंदाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. आणि मग कोपऱ्यात आकडे उमटायला लागले. मशीन आपली मेमरी मोजत होतं, जुन्या चालीनं, सावकाश, अगदी पेन्शनर माणूस बाजारात सुटे मोजतो तसं. जगातला कुठलाही आकडा मला कधी इतका गोड वाटला नव्हता.

नदी आली. होडी आली. मागून मगर आली, रेंगाळत.

"ये गं," कुंदाबाईंनी केतकीला हात केला. केतकी आली, माईक बघितला आणि तिचा हात तोंडावर गेला.

कुणीच जबरदस्ती केली नाही. मगर सावकाश सरकली आणि तिनं होडी गिळली. पडदा पुसला गेला, पुन्हा होडी आली. केतकी बघत होती. मगर निघाली, तशी केतकीची मान मगरीबरोबर हळूहळू फिरत गेली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. परत मगरीकडं बघितलं. अजून ती लांबच होती. माझ्या लेकीच्या तोंडावर जे आलं त्याला मी काय म्हणू? ओळखीचं माणूस भेटल्यासारखं ते होतं.

हात खाली आला. ओठ मिटले, गाल फुगले.

"पा."

होडीनं उडी घेतली. केतकीनं दम घेतला, माझ्याकडं बघितलं. मगर येतच होती.

"पा."

मी तोंडात पदर कोंबला होता. कुंदाबाई उघड उघड रडत होत्या. रियाज मशीनच्या मागं गेला आणि सगळं झालेलं असूनही खटका तपासत बसला. होडी काठाला लागली तेव्हा केतकीनं टाळ्या पिटल्या, मग ती त्या खिडकीतल्या ब्रशाकडं गेली आणि त्यावरची पिवळी हळद तिनं बोटानं स्वतःच्या कपाळाला लावली.

सोमवारी डॉक्टर आले. आलेख काढताना बाईंनी खटका वर केला, होडीच्या वेळी मशीन बंद करून खाली केला. केतकीनं डॉक्टरांसमोर होडी काठाला लावली आणि ती बोलण्याच्या वर्गात राहिली. संध्याकाळी जयवंतनं अडतीवर पेढे वाटले. सगळे विचारत होते, मुलगा झाला का? तो म्हणाला, "नाही, मुलगी 'पा' म्हणाली."

केतकी पुढं बोलायला शिकली. तिच्या पद्धतीनं, थोडं हळू, थोडं जड. हातांचीही भाषा शिकली, ती तर माझ्यापेक्षा चांगली. आता ती मिरजेच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. फोनवर बोलताना समोरचा घाई करायला लागला तर सरळ सांगते, "थांबा. मी बोलते."

कुंदाबाई गेल्या त्याच्या आधी दोन वर्षं शाळेत नवीन कॉम्प्युटर आले. जुनं मशीन रियाजच येऊन सोडवून घेऊन गेला. परत जाताना तो आमच्या घरी थांबला. दाढीत पांढरं आलं होतं त्याच्या. चहा झाल्यावर त्यानं खिशातून कापसात गुंडाळलेली एक डबी काढली.

"वहिनी, आता ठेवा ह्याला देवात. आता खरंच काम संपलं ह्याचं."

मी डबी उघडली. सगळे पाय शाबूत होते, तो एक किंचित तिरका. मिरजेच्या त्या जिन्याखाली मी ज्याला मगर हळू करून मागितली होती, त्याच्याच समोर मी उभी होते. जो तो वेग मागत होता तेव्हा ह्या माणसानं हळू चालण्याची सोय कार्डावर राखून ठेवली होती, आणि तिच्या जोरावर माझी लेक माझ्या घरात वाढली. मी वाकून नमस्कार करायला गेले, तर तो दोन पावलं मागं सरकला. "अहो वहिनी, काय करताय!" मग मी त्याच्या हातावर साखर ठेवली.

तो प्रोसेसर आमच्या देवात आहे. दर खंडेनवमीला केतकी त्याची पूजा करते. हळदकुंकू वाहते, पण पाठीवरच, एकच बोट. पायांना हळद लागू देत नाही. मी एकदा म्हटलं, आता कशाला एवढं जपतेस, त्याचं काम संपलं.

"असू दे," ती म्हणाली, तिच्या त्या सावकाश आवाजात. "कुणाला तरी लागेल."